अनाथाश्रमांतील तिथि

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला कीं आमच्या गांवच्या अनाथाश्रमाच्या दर्शनी फळ्यावर एकही दिवस मोकळा राहत नाहीं. कोणाच्या वडिलांची तिथि, कोणाच्या सासूबाईंची; एकेका दिवशीं दोन दोन नांवें. मुलांना सकाळीं जिलबी आणि सायंकाळीं पुन्हां बुंदी. उलट ज्येष्ठांत, शाळा सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, तोच फळा कोरा असतो. सेवानिवृत्तीनंतर गेलीं सहा वर्षें आम्ही तेथें आठवड्यांतून दोन वेळां संस्कृत व गणित शिकवावयास जातों. त्यामुळें ही भरती-ओहोटी आमच्या चांगलीच परिचयाची झाली आहे.

वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. अन्नदानाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु नुसत्या जेवणावळींवर आश्रम चालत नाहीं. स्वयंपाकीणबाईंचा पगार, विजेचें बिल, चष्मे, वह्या, रात्रीं तापानें फणफणलेल्या पोराला दवाखान्यांत नेणाऱ्या रिक्षाचें भाडें, हें सारें कोठून तरी यावें लागतें. सरकारी अनुदान दरडोई मिळतें, पण तें येतें तेव्हां येतें. तोंवर वाणी थांबतो म्हणून निभावतें. लाडवाला दहा दाते मिळतात, पगाराला एकही मिळत नाहीं. कारण पगाराचें छायाचित्र काढतां येत नाहीं.

त्या छायाचित्राविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पानें वाढून झालीं तरी दात्याचें कुटुंब येईपर्यंत मुलांनीं थांबावयाचें. मग एखाद्या लहानग्याच्या मुखाशीं लाडू धरून यजमानांनीं भ्रमणध्वनीकडे पाहावयाचें. एकदां एका मुलानें तो लाडू ओठांशीं तसाच धरून ठेविला आणि ‘आतां खाऊं का?’ असें आम्हांस डोळ्यांनींच विचारलें. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. पण आमचा रोख कायद्याकडे नाहीं. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींत आचार्य शिष्यास दान कसें द्यावें हें सांगतात, तेव्हां दात्याच्या ठायीं लज्जा असावी असेंही सांगतात. आमच्याकडे ती लज्जा घेणाऱ्याच्या वांट्यास आली आहे.

आमचे वडील १९३८ च्या सुमारास पुण्यांत वार लावून शिकले. सात दिवसांचीं सात घरें. अशा मुलांसाठींच १९०९ सालीं तेथें अनाथ विद्यार्थी गृह निघालें, आज तें पुणे विद्यार्थी गृह या नांवानें ओळखलें जातें; परंतु गांवोगांवचीं सारीं मुलें एका संस्थेंत कशीं मावणार? सोमवारच्या घरीं काय वाढीत हें वडील पार विसरले होते. पण तेथील माई आपल्या मुलांच्या पंगतींतच त्यांचें पान मांडीत, हें त्यांनीं ऐंशीव्या वर्षींही सांगितलें. गुरुवारच्या घरीं पक्वान्न असे. मात्र आल्यागेल्या पाहुण्यांसमोर ‘हा आमच्याकडे जेवतो बरें का’ असें म्हणून त्यांना एखादा श्लोक म्हणावयास लावीत. त्या घरच्या श्रीखंडाचा विषय निघाला कीं वडील उठून अंगणांत जात.

आपल्या सुशिक्षित घरांतून ‘तीं मुलें’ हा शब्द फार सहज निघतो. ज्योतिराव फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तें विशेषेंकरून ब्राह्मण विधवांच्या अर्भकांसाठीं. १८७४ सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका मातेचा पुत्र. तो पुढें डॉक्टर झाला. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांच्या खटपटीनें १८७५ सालीं बालकाश्रम निघाला व प्रार्थनासमाजानें तो चालविला. त्या क्षेत्रांत टाकून दिलेलीं अर्भकें कोणत्या घरांतून येत, हें तेव्हांच्या सोवळ्या मंडळींस पुरतें ठाऊक होतें.

आजच्या मुलांपैकीं पुष्कळशीं तर शब्दार्थानें अनाथ नाहींतच. त्यांना दारिद्र्यानें तेथें आणून सोडलें आहे. आमच्या एका विद्यार्थ्याची आई ऊसतोडीस जाते आणि हंगाम संपल्यावर चैत्रांत त्याला भेटावयास येते. तिच्या मुलास सनाथ म्हणावें कीं अनाथ, हा समास आम्हांस अद्याप सोडवितां आलेला नाहीं. ज्यांचें खरोखरच कोणी नाहीं, त्यांच्यासाठीं २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें शिक्षणांत व नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेविलें, हें चांगलेंच झालें. पण अठरावें वर्ष पुरें झालें कीं आश्रमाबाहेर पडावयाचें. एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद कायद्यांत आहे खरी. तथापि बाहेर पडलेल्या मुलाच्या खोलीभाड्याची तिथि फळ्यावर कोणीं लिहिलेली आम्हीं पाहिली नाहीं.

यंदा वडिलांच्या तिथीपूर्वीं आमच्या घरांतून सूचना आली, कीं आश्रमांत भोजन घालण्याऐवजीं स्वयंपाकीणबाईंचा येत्या ज्येष्ठाचा पगार द्यावा, आणि फळ्यावर नांव लिहूं नये. आम्हांस तें तत्काळ पटलें. आमच्या वडील भगिनी अक्का यांस मात्र पटलें नाहीं. “अरे, पितर काय पगार खातात?” असें त्यांनीं विचारलें. ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अक्कांची श्रद्धा पोकळ नव्हे; शेवटच्या आजारांत वडिलांना एकेक घांस त्यांनींच भरविला होता. तरीही पैसे आम्हीं ठरल्याप्रमाणें ज्येष्ठासाठींच दिले, आणि अक्कांनीं आमच्याशीं बोलणें सोडलें.

तिथीच्या दिवशीं त्या एकट्याच रिक्षानें आश्रमांत गेल्या. बरोबर डबाभर लाडू. नांव सांगितलें नाहीं, छायाचित्र नाहीं. लाडू स्वयंपाकघरांत देऊन त्या मुलांच्या पंगतींत पाटावर बसल्या आणि वाढावयास आलेल्या पोराला म्हणाल्या, “बाळा, मीठ विसरलास बघ माझ्या पानांत.” हें आम्हांस स्वयंपाकीणबाईंनीं मागाहून सांगितलें, अक्कांनीं अद्याप सांगितलेलें नाहीं.