नदीची उधारी

परवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूचे एक झाड आडवे पडलेले पाहिले. मुळांखालची वाळू भरतीने नेली होती. समुद्र माजला आहे, असे सोबतचे म्हणाले. मीही मान डोलावली. पण समुद्राने वाळू केव्हा नेली नव्हती? नेलेली भरून द्यावयास शेजारी वैतरणा होती, एवढेच. त्र्यंबकच्या डोंगरातील काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा, उन्हापावसाने झिजावा, पावसाळ्यागणिक थोडा खाली सरकावा आणि अर्नाळ्याच्या किल्ल्यापाशी समुद्राच्या स्वाधीन व्हावा, असा तो संथ व्यवहार. तिची उपनदी तानसा १८९२ मध्येच अडली. १९५७ साली मोडकसागर झाला, २०१४ साली मध्य वैतरणा. धरणाच्या निवांत पाण्यात वाळू तळाशी बसते. त्यातून जी खाली उरते, तीही माणसे खाडीतून उपसतात आणि तिच्या इमारती बांधतात.

हे सारे मी मोठ्या तावातावाने सांगत होतो. रात्री मुंबईस परतलो, तहान लागली म्हणून नळ सोडला. हेच वैतरणेचे पाणी. ते नको म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. पेला उजेडात धरून पाहिला. तळाशी कणभरही वाळू नव्हती.