डांबराच्या गोळ्या

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरची जुनी लोखंडी पेटी खाली उतरते. तीत पाहण्यासारखे फारसे काही नाही. आईचा लग्नातला जांभळा शालू, वडिलांचा एक गळाबंद कोट आणि दोन-चार पितळी भांडी. पण पेटी उघडल्याबरोबर जो वास येतो, त्या वासासाठीच मी ती दर वर्षी उघडते की काय, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आई शालूच्या घड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवीत असे. तिच्यामागे तो रिवाज मीही चालू ठेवला. वर्षभरात गोळी झिजून नाहीशी होते आणि वास तेवढा मागे राहतो.

या वर्षी पेटी उतरवायला नात मदतीला होती. नागपूरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात ती निरनिराळे पदार्थ कसे घडतात याचा अभ्यास करते. तिने शालू नाकाशी धरला आणि म्हणाली, "आजी, हा कोळशाचा वास आहे गं."

मला हसू आले. "कोळशाचा वास तू मला सांगतेस? माझं सगळं लहानपण कोळशात गेलं."

"मग यांना डांबराच्या गोळ्या का म्हणतात, ते सांग."

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. शब्दांची फोड करणे हा माझा धंदा. पण या गोळीत डांबर कुठून आले, हे कधी माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. पांढऱ्याशुभ्र गोळीला काळ्या डांबराचे नाव! मी गप्प बसले.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. त्या जिल्ह्यातल्या एका खाणीच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. वडील काट्यावर कारकून होते. कोळशाने भरलेली वाघीण काट्यावर येऊन थांबली, की तिचे वजन वहीत मांडायचे, हे त्यांचे काम. अक्षर मोत्यासारखे. संध्याकाळी घरी आले की पाय धुता धुता म्हणायचे, "आज इतके टन गेले." कुठे गेले, हे त्यांना कोणी विचारीत नसे. कोळसा जातो तो जळायलाच, त्यात विचारायचे काय?

आमच्याही घरी तो जळतच होता. दगडी कोळशाची शेगडी घरात पेटवता येत नाही. आई ती पहाटे अंगणात नेऊन ठेवी. खाली गोवरीचे तुकडे आणि काड्या, वर कोळसा. थोड्या वेळाने तिच्यातून दाट, पिवळट धूर निघू लागे. वसाहतीतल्या प्रत्येक अंगणातून तो निघे आणि समोरचे घर दिसेनासे होई. तो सगळा धूर सरला, निखारा लाल झाला, म्हणजे मग शेगडी आत यायची. नरकचतुर्दशीला तर याच्या जोडीला बंबही पेटे. आम्ही भावंडे अंगाला उटणे चोपडून कुडकुडत बसलेलो असू, आणि आई एका हाताने पदर डोळ्यांना लावीत दुसऱ्या हाताने फुंकणी धरून फुंकीत असे. "तिकडे बसा गं, धूर लागेल," असे ती म्हणायची. तिला तो लागत होता, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

हे सगळे मी नातीला सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आजी, तो पिवळा धूर म्हणजेच डांबर."

मग पेटीपाशी बसूनच तिने मला धडा दिला. कोळसा उघड्यावर पेटवला की त्याच्या पोटातला हा ऐवज धूर होऊन उडून जातो. पण तोच बंद भट्टीत, हवा न लागू देता, हजार-अकराशे अंशांपर्यंत तापवला, तर तो जळत नाही. मागे कोक उरतो, तो लोखंडाच्या कारखान्यात लागतो. आणि निघणारा धूर धरून थंड केला, की त्यातून गॅस वेगळा होतो आणि काळे डांबर खाली बसते. टनभर कोळशामागे ३०-४० किलो. त्या डांबरातून जे नॅफ्थलीन निघते, त्याचीच ही पांढरी गोळी. आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा असा कोक होत नाही, झरियाकडच्या कोळशाचा होतो. म्हणजे पेटीतली गोळी आमच्या शेगडीची सख्खी नव्हे, पण चुलत बहीण खरीच. एकीने आईच्या डोळ्यांतून पाणी काढले आणि दुसरीने तिचा शालू सांभाळला!

"आणि शालूचा रंग?" नात म्हणाली. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनवर खटपट करीत होता. त्याला करायचे होते हिवतापावरचे क्विनाइन, आणि हाती आला काळा चिखल. तो अल्कोहोलने धुऊन काढताना जांभळा रंग उतरला. पुढे अशा रंगांचे एक मोठे घराणेच डांबरातून जन्माला आले. आईच्या शालूचा जांभळा त्याच घराण्यातला की दुसरा, हे आता कोण सांगणार? पण त्या दिवशी मी शालूवरून हात फिरवला तो जरा निराळ्या भावनेने.

डांबरातले हलके पदार्थ काढून घेतले की निम्म्याच्या आसपास एक काळा, घट्ट गाळ उरतो. त्याला पिच म्हणतात. टाकाऊ वाटावा असा. पण ॲल्युमिनियमच्या कारखान्यात विजेसाठी जे कार्बनचे ठोकळे लागतात, पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत जे जाडजूड दांडे सोडतात, त्यांची भुकटी बांधून धरतो तो हा पिच. वडिलांच्या टॉर्चमधले संपलेले सेल फोडून आम्ही आतली काळी कांडी काढायचो आणि भिंतीवर रेघोट्या मारून आईचा मार खायचो. ती कांडीही अशाच भुकटीची, अशीच बांधून भाजलेली. जपानमध्ये १९६०च्या दशकात सुगिओ ओतानी यांनी पिचचा धागा ओढून त्यापासून कार्बनचा तंतू करण्याची वाट दाखवली. विमानांत वापरतात तो तंतू बहुतेक दुसऱ्याच एका कृत्रिम धाग्यापासून करतात. पण पिचचा तंतू फार ताठ आणि उष्णता झपाट्याने वाहून नेणारा, म्हणून तो उपग्रहांत जातो. पिचचा कोक ३००० अंशांच्या आसपास तापवला की त्याचे ग्रॅफाइट होते. तसले ग्रॅफाइट मोबाइलच्या बॅटरीत असते. आणि २०२० साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने कोळशाच्या भुकटीतून क्षणभर विजेचा झोत सोडून ग्राफीन करून दाखवले. ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा.

मी तर हरखूनच गेले. जन्मभर मुलांना सांगत आले होते, 'कोळसा उगाळावा तितका काळाच', म्हणजे वाईटाची कितीही चर्चा करा, शेवटी वाईटच निघायचे. आणि इथे उगाळता उगाळता जांभळा रंग निघाला, पांढरी गोळी निघाली, उपग्रहाचा सांगाडा निघाला! मी म्हटले, "मग जाळायचा कशाला? सगळ्याचं हेच करा की! खाणीही चालतील, धूरही नको."

नातीने वही ओढली. आकड्यांच्या बाबतीत ती अगदी माझ्या वडिलांवर गेली आहे. २०२४-२५ या वर्षात आपल्या देशात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. साऱ्या जगात वर्षभरात तयार होणारा कार्बनतंतू दोन-तीन लाख टनांच्या आतच. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र पूर्ण जोराने चालले, तर तेवढा कोळसा त्याला आठवडाभरच पुरेल. शिवाय आपल्या कोळशात राख पुष्कळ, सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपास. आणि डांबर हा काही साधा जिन्नस नव्हे. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग होतो हे सिद्ध केले. डांबर हाताळायचे तर बंद यंत्रात, माणसाच्या श्वासापासून दूर.

"म्हणजे वस्तू करायला कोळसा थोडाच लागणार, आजी. बाकीचा तिथेच, जमिनीत राहू द्यायचा."

मी काही बोलले नाही. मला आई आठवत होती. उतारवयात तिला तीन पायऱ्या चढल्या की थांबावे लागे. डॉक्टरांनी तपासून विचारले होते, "बाई विडी ओढायच्या का?" वडील एकदम ताठ झाले. "जन्मात नाही," ते म्हणाले. आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. वहीत त्यांनी हजारो वाघिणी मांडल्या होत्या, पण अंगणातल्या एका शेगडीचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. त्या दिवशी बहुधा तोच चालला असावा.

मला आता वाटते, कोळशाचा दोष काळेपणात नव्हता. आपल्याला त्याचा एकच उपयोग सुचला, आणि तो सोपा होता. वडिलांसारखी किती माणसे त्यावर जगली, आजही जगतात. उद्या खाणी कमी झाल्या तर त्यांच्या मुलांच्या हातांना काय काम देणार, हा प्रश्न दोन-चार कार्बनच्या कारखान्यांनी सुटणार नाही. पण जी थोडी मुले त्या कारखान्यांत जातील, त्यांच्या वहीत निदान 'गेले'च्या ऐवजी 'झाले' असे लिहिले जाईल.

नरकचतुर्दशीला पहाटे मी न्हाणीघरातले गीझरचे बटण दाबले आणि क्षणभर तशीच उभी राहिले. पाणी तापत होते. धुराचे नाव नव्हते, डोळे कोरडे होते. पण ही वीज चंद्रपुराकडून येत असेल, तर धूर बंद कुठे झाला होता? त्याने नुसते अंगण बदलले होते. बाहेर नात उटण्याची वाटी घेऊन हाका मारीत होती. मी पाणी जेमतेम कोमट होताच बटण बंद केले.

लक्ष्मीपूजनाला तिने पणजीचा शालू नेसला. दारात पणत्या लावताना वाऱ्याबरोबर तिच्या पदराचा वास आला, तोच, पेटीतला. पुढच्या वर्षी गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला घालायचा, असे आमचे ठरले आहे. एक शेवटची गोळी मात्र मी काचेच्या बाटलीत बूच घट्ट लावून ठेवली आहे, आईच्या अंगणातल्या धुराची आठवण म्हणून.