यंत्र डबीत, आई दाराशी

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. माझ्या सासूबाईंनी ते कधी चुकवले नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी त्या मागे, दाराशी बसू लागल्या आणि पुढे गुडघे दुखतात म्हणून जायच्याच बंद झाल्या. दुखणे गुडघ्याचे नव्हतेच. ऐकू येत नव्हते आणि सांगायची लाज वाटत होती.

कान तपासले, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले. केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आणि ठरलेल्या मर्यादेतले उत्पन्न असल्यास साहाय्यक साधने मिळतात. शिबिरात कानामागे लावायचे यंत्र मिळाले. फोटो निघाला, टाळ्या पडल्या. आठ दिवसांत यंत्र डबीत गेले.

“म्हातारपणी सवय होत नाही,” असे आम्ही ठरवून टाकले. एके दिवशी भाजी निवडताना मी मोठ्याने विचारले, “आई, लावल्यावर नेमकं काय होतं?”

“अगं, पंखा, भांडी, कुत्री सगळं ऐकू येतं. माणूस तेवढा कळत नाही. वर शिट्टी वाजते. पण तुम्ही कुणी विचारलंच नाही.”

मी खाली मान घातली.

आम्ही त्यांना श्रवणतज्ज्ञांकडे नेले. कानात बसणारा साचा सैल होता, म्हणून शिट्टी येत होती. नवे माप घेऊन साचा केला, आवाज त्यांच्या तपासणीप्रमाणे लावून दिला. आधी घरात, शांततेत तासभर लावायचे, मग हळूहळू वेळ वाढवायची. रात्री काढून बॅटरीचे झाकण उघडे ठेवायचे. ते काम नातवाने घेतले. आम्हीही एक शिकलो: ओरडायचे नाही, समोर बसून सावकाश बोलायचे.

यंदा आषाढ पौर्णिमेला आई पुढच्या रांगेत बसल्या. वाचणाऱ्या मुलाने एक ओळ गाळली, ती त्यांनीच धरली!

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. साधन मिळणे हा कुणाचा उपकार नव्हे. पण ते वापरता आले, तरच तो हक्क पदरात पडला म्हणायचा. आपल्या वस्तीत किती श्रवणयंत्रे, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या माळ्यावर धूळ खात असतील? आपल्या महिला मंडळांनी आणि तरुणांनी अर्ज जरूर भरून द्यावेत. मात्र साधन मिळाल्यावर आठ दिवसांनी पुन्हा त्या घरी जावे, जवळ बसावे आणि विचारावे, “जमतंय का?”

जयभीम!