झाकण, टेकू आणि थंडीतला बग

शिडाची होडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वारा आणि निळं पाणी येतं. आमच्या वाट्याला मात्र बरेच शनिवार-रविवार स्क्रू, सीलंट आणि गंजच येतो. बर्कलीच्या मरीनात आम्हा तिघा मित्रांची मिळून एक जुनी ३० फुटी होडी आहे. तर मंडळी, आजची गोष्ट तिच्या एका झाकणाची.

होडीत बसायच्या बाकाखाली मोठा कप्पा आहे. दोर, लाइफ जॅकेटं, सगळं त्यात. वरचं १२ किलोचं झाकण दोन गॅस स्ट्रटवर तोललेलं असतं. गाडीच्या डिकीला असतात ना, तेच. गेल्या जानेवारीत या झाकणाने नवीनच खूळ काढलं. सकाळी उघडलं की हळूहळू खाली यायचं, दुपारी मात्र शहाण्यासारखं वर राहायचं. मित्र म्हणाला, "अरे, दुपारी चालतंय ना? मग सोड की!" 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणणाऱ्यांचाच हा भाऊ :)

पण त्याचीच सहा वर्षांची लेक जॅकेट काढायला कमरेपर्यंत त्या कप्प्यात वाकते. त्यामुळे सोडणं शक्यच नव्हतं.

स्ट्रटच्या नळीत प्रचंड दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. दट्ट्याला भोक असल्याने गॅस त्याच्या दोन्ही बाजूंना असतो. म्हणून जोर ठरतो तो नळीच्या नव्हे, तर दांड्याच्या जाडीवर. ८ मिलिमीटरचा दांडा आणि १०० बार दाब असेल, तर सुमारे ५० किलोचा रेटा मिळतो. वर्षानुवर्षं सीलमधून गॅस थोडाथोडा झिरपतो. शिवाय तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साडेतीन टक्क्यांनी घटतो. नवीन स्ट्रटला त्याने काही फरक पडत नाही. काठावर आलेल्या स्ट्रटला तेवढंही पुरतं. सकाळच्या बगचं कोडं सुटलं!

हे स्ट्रट घरी भरता येत नाहीत, आणि आत दाब असल्याने कापायचे किंवा तापवायचे तर मुळीच नाहीत. सरळ जोडी बदलायची. दोन्ही टोकांमधलं अंतर, दांडा किती सरकतो ते, आणि नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा, एवढं बघून घ्यायचं. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. झाकण बंद असताना दांडा खालच्या बाजूला येईल असे बसवायचे, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं आणि सील सुकत नाही.

नवीन जोडी बसली, झाकण टुणकन वर राहिलं. मित्र हत्यारं आवरायला लागला. मी म्हटलं, थांब.

कारण स्ट्रट हा उचलायला मदत करतो, धरून ठेवायची हमी देत नाही. शेजारून मोटरबोट गेली की होडी डोलते, झाकणाचा तोल जातो. आणि पुढच्या काही वर्षांत ही जोडीही अशीच, कुणाला न सांगता थकणार आहे. म्हणून पीव्हीसी पाइपचा एक तुकडा उभा चिरला. झाकण उघडलं की तो बाहेर आलेल्या दांड्यावर चढवायचा. मग गॅस असो-नसो, दांडा आत जाऊच शकत नाही. तुकडा हरवू नये म्हणून दोरीने तिथेच बांधून ठेवलाय. आता नियम एकच: पाइप चढवल्याशिवाय कुणी आत वाकायचं नाही. मोठ्यांनीसुद्धा!

असो. थंडीत तुमच्या गाडीची डिकी जरा सुस्तावली असेल, तर डोकं आत घालण्याआधी एकदा बघून घ्या.