कुपाटीच्या आसऱ्याला

आम्हा चुलत-आते भावंडांपैकी कुणालाही विचारा, खटावकडच्या मळ्याची कुपाटी कशाकशाची होती. न अडखळता सांगेल. वाटेच्या अंगाला शेर, ओढ्याकडे निरगुडी नि घाणेरी, मधे बोरी, तरवड, आणि भगदाड पडेल तिथं बाभळीच्या शिऱ्या. 1972च्या दुष्काळात गुरांनी बाकी सगळं ओरबाडलं, शेराला तेवढं तोंड लावलं नाही, हे आजी नेहमी सांगायची.

आमचे आजोबा, अण्णा, कुपाटी छाटायचे ती ज्वारीची सुगी उरकल्यावर, आणि एका साली एकच बांध. जळण आणि शिऱ्या भागल्या की कोयता बंद. मुक्या जिवांची दया वगैरे त्यांच्या बोलण्यात कधी आली नाही. पण उरलेले बांध दाट राहायचे, बुडखे तुटायचे नाहीत, खालचा पाचोळा हलायचा नाही, आणि सगळी वस्ती असायची ती तिथंच. सशाची पिल्लं डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊनच जन्मतात. आई त्यांना झुडपाखाली ठेवून दिवसभर लांब राहते. तो आडोसा गेला की कावळे-कुत्र्यांना ती आयतीच सापडतात. पडलेल्या बोरांना खोकड यायचं. मुंगसाची जोडी तर घरचीच. साळूचा काटा सापडला की आमच्यात भांडण ठरलेलं.

एकदा थोरल्या काकांनी कुजकी शिरी उचलली, तर खालून चिचुंद्री निघाली. तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लानं दातांनी धरलेलं, त्याला दुसऱ्यानं, त्याला तिसऱ्यानं. सगळी एका ओळीत, न तुटता, सरसर निरगुडीत शिरली. आम्ही उकिडवे बसून पाहत होतो. कुणी खडा मारला नाही, काका मधे उभे होते.

पुढे वाटण्या झाल्या. एकराचे गुंठे झाले, तसा जो तो बांध कोरू लागला. जेसीबीनं एका दुपारी शेर उपटला, उरल्यासुरल्यावर तणनाशक, आणि मग तार. तारेनं गुरं अडतात, पण तिच्या बुडाशी कुणाला राहता येत नाही. बांधात उंदीर होतात, ही तक्रार खरी आहे, अण्णाही करायचे. पण बांध गेले म्हणून उंदीर गेले नाहीत, ते उसात शिरले. गेलं ते त्यांना खाणारं खोकड. बाऊल, म्हणजे रानमांजरही आता उसातच विते, आणि तोडणी आली की तिची पिल्लं उघडी पडतात. बिबट्याची म्हणून गावभर बोभाटा होतो. बांधाचा आडोसा बाराही महिने असतो, उसाचा तोडणीपर्यंतच. हे आम्हाला फार उशिरा उमगलं, याचं वाईट वाटतं.

ओढ्याकडची निरगुडी मात्र धाकट्या काकांच्या वाटणीला गेली, आणि अजून आहे. मुंगसं तिथं दिसतात. यंदा पाणंद रुंद करायचं निघालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून काकांना सांगितलं: छाटायची तर सुगीनंतर, एकच बाजू, आणि बुडख्याला यंत्र लावू द्यायचं नाही.