धक्का, दाम आणि छर्रा : सरावाच्या रायफलीची निवड

नेमबाजीच्या सरावासाठी रायफल निवडताना तिची किंमत, प्रत्येक फैरीमागे पडणारा खर्च आणि खांद्याला बसणारा धक्का या तिन्ही बाबी एकत्र तोलाव्या लागतात. परंतु दुकानात गेलेला नवशिका बहुधा पहिल्याच बाबीपाशी अडतो आणि दुसऱ्या बाबीचा हिशेब त्याला वर्षभराने उमगतो, कारण रायफल एकदाच विकत घ्यायची असली तरी गोळ्या दर आठवड्याला लागतात. तिसऱ्या बाबीविषयी, म्हणजे धक्क्याविषयी, तर त्याहून मोठा गैरसमज आढळतो. धक्का कमी म्हणजे नेम सोपा, असे सरसकट धरले जाते. प्रत्यक्षात धक्का किती बसतो याइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, महत्त्व तो केव्हा बसतो याला असते.

गोळी पुढे जाताना जेवढा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, घेऊन निघते तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो, आणि दारूच्या जळण्याने निर्माण झालेला वायू नळीतून सुसाट बाहेर पडतो तेव्हा त्यात आणखी भर पडते. पॉइंट टू-टू या नावाने सर्वांना परिचित असलेल्या .२२ लाँग रायफल काडतुसातील गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने सुटते. त्यामुळे तीन किलोंची रायफल सेकंदाला जेमतेम तृतीयांश मीटर वेगाने मागे येते. याउलट जुन्या .३०३ रायफलीची गोळी ११.३ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या घरात जातो, आणि म्हणून चार किलोंच्या त्या रायफलीच्या धक्क्यातील ऊर्जा पहिल्या रायफलीच्या शंभर पटींच्या आसपास भरते. हा फरक निव्वळ खांदा दुखण्यापुरता नाही. जड धक्क्याच्या रायफलीवर शिकणारा नेमबाज पुढेपुढे धक्क्याची वाट पाहू लागतो, चाप सुटण्याआधीच त्याचा डोळा मिटतो आणि खांदा आक्रसतो. ही दचक एकदा अंगवळणी पडली की ती घालवायला शिकण्याहून अधिक काळ लागतो.

प्रस्तुत लेखिकेचा रायफलीशी पहिला संबंध महाविद्यालयातील एन.सी.सी.च्या .२२ डीलक्स रायफलीमुळे आला. ४३ इंच लांबीची आणि सहा पौंड दोन औंस, म्हणजे पावणेतीन किलोंहून किंचित अधिक वजनाची ती रायफल घेऊन कॅडेट २५ यार्डांवरच्या लक्ष्यासमोर पालथे झोपत, उस्तादांच्या हुकुमावर पाच गोळ्या झाडत, आणि त्या पाच छिद्रांचे एकमेकांपासूनचे अंतर, ज्याला तिथे ग्रुपिंग म्हणतात, त्यावरून प्रत्येकाची योग्यता ठरत असे; मध्यबिंदू लागला की नाही ही नंतरची गोष्ट. झाडून झाल्यावर पितळी रिकामी काडतुसे मातीतून वेचून, मोजून परत द्यावी लागत, आणि एखादे गवतात हरवले तर साऱ्या तुकडीला ते शोधत बसावे लागे. हत्यार साधे होते, माशी आणि मागची खाच एवढाच नेम धरण्याचा सरंजाम होता, पण मुलींच्या खांद्यालाही धक्का असा जाणवत नसे. त्यामुळे श्वास रोखणे, चाप हळूहळू दाबणे आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवणे या गोष्टींकडे पूर्ण लक्ष देता येई.

साहजिकच पुष्कळ वर्षांनी स्वतःची रायफल घेऊन नियमित सराव करण्याचा विचार झाला तेव्हा लेखिकेच्या मनात प्रथम .२२च आली. १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने आणलेले हे काडतूस आजही जगभर सरावासाठी सर्वाधिक वापरले जाते, आणि त्याच्या स्वस्ताईचे मूळ त्याच्या रचनेत आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी पेटवणीची वेगळी टोपी बसवलेली असते; .२२मध्ये मात्र पितळेच्या पातळ कडेच्या पोकळीतच पेटवणीचे मिश्रण भरतात आणि रायफलीची सुई त्या कडेवर आपटते. टोपी वाचल्याने खर्च वाचतो, पण मिश्रण कडेभर सारखे पसरले नसेल तर एखादी गोळी पेटतच नाही, आणि तशी गोळी निघाली की नळी सुरक्षित दिशेला रोखून काही काळ थांबावे लागते. स्पर्धेच्या दर्जाची .२२ मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आत ठेवलेली असते, कारण ध्वनीहून वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावून ती सीमा पुन्हा ओलांडते तेव्हा डगमगते; जास्त वेगाची गोळी अधिक चांगली या समजापायी पैसे वाया घालवणारे नेमबाज कमी नाहीत. कमी धक्क्याचे म्हणून हे काडतूस पोरखेळही ठरत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींत, म्हणजे गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून, ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले ते याच काडतुसावर, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या त्याही याच काडतुसावर.

तरीही भारतात .२२ स्वस्त पडत नाही. ते बंदुकीच्या दारूचे शस्त्र असल्याने शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे त्याला परवाना लागतो, परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, आणि परदेशी दर्जेदार काडतुसे मिळवण्याची वाट क्रीडासंघटनांच्या मार्फत जाते. १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर होते, आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेत गुण मिळवून पुढची दारे उघडण्याचा मार्ग आजही हजारो मुले चोखाळतात. परंतु पदकाची आकांक्षा नसलेल्या, केवळ सरावाचा आनंद हवा असलेल्या प्रौढ माणसाला ही सारी यातायात परवडत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनी हवाई रायफलीला मात्र मोकळीक ठेवली आहे : नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर परवान्याची गरज नाही, दुकानदार ओळखपत्राची प्रत तेवढी मागतो. स्पर्धेची हवाई रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते, म्हणजे तिची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास, मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असते.

निवडीचा खरा पेच इथून पुढे सुरू होतो. सर्वांत स्वस्त हवाई रायफल स्प्रिंगची असते. तिची नळी खाली वाकवली की आतील जाड स्प्रिंग दाबली जाते, आणि चाप ओढताच स्प्रिंगपुढचा दट्ट्या नळकांड्यातून झेपावून हवा दाबतो व ती हवा छऱ्याला ढकलते. छर्रा इतका हलका की धक्का नगण्य असायला हवा, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात धक्का छऱ्याचा नसतोच, तो दट्ट्याचा असतो. दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे सरकते, टोकाशी कोंडलेल्या हवेवर तो आदळून थांबतो तेव्हा तीच रायफल पुढे हिसका खाते, आणि हे बहुतेक सारे छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच उरकलेले असते. .२२ची गोळी दोन-तीन सहस्रांश सेकंदांत नळीबाहेर जाते, त्यामुळे तिचा बराचसा धक्का ती सुटून गेल्यावर जाणवतो. स्प्रिंगच्या रायफलीत हा अवधी कित्येक पटींनी लांबतो आणि तेवढा वेळ नेमबाजाच्या पकडीतील प्रत्येक दोष नळीच्या टोकापर्यंत पोहोचत राहतो. या दुहेरी हिसक्याचा पुरावा दुर्बिणीवर मिळतो, कारण मोठ्या शिकारी रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलीवर काही महिन्यांत निकामी झाल्याची उदाहरणे सर्रास सापडतात. दुर्बिणीची जडणघडण मागच्या धक्क्यासाठी असते, पुढच्या हिसक्यासाठी नसते.

जर्मन कारागिरांनी या दोषावर शोधलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. ओबेर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊने १९६०च्या दशकात रायफलीची सबंध यंत्रणा दस्त्यावर छोट्या रुळांवरून सरकू दिली, जेणेकरून हिसका यंत्रणेतच विरावा आणि खांद्याला व गालाला दस्ता स्थिर लागावा. रास्टाटच्या डायनाने दोन दट्टे परस्परविरुद्ध दिशांना धावतील अशी योजना केली. त्या काळच्या अशा रायफली आजही एखाद्या जुन्या क्लबच्या कपाटात दिसतात आणि वापरात आहेत. उपायाचा आधुनिक टप्पा म्हणजे दाबलेल्या हवेची रायफल : तिच्या नळीखालच्या टाकीत २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाची हवा भरलेली असते, चाप ओढल्यावर झडप क्षणभर उघडते, आणि हलणारा जड भाग जवळजवळ नसल्याने रायफल हातात स्थिर राहते. हातपंपाने ही टाकी भरणे म्हणजे चांगलाच व्यायाम असतो. रेंजवर मोठ्या नळकांड्यातून भरून घेतल्यास ते काम क्षणात होते. जुनी रायफल विकत घेताना टाकीवर कोरलेली निर्मितीची तारीख आधी पाहावी, कारण बऱ्याच उत्पादकांनी टाकीचे आयुष्य दहा वर्षे ठरवून दिलेले असते आणि नवी टाकी घेण्याचा खर्च सौद्यातील बचत गिळून टाकतो.

लेखिकेने एका रेंजवर स्प्रिंगच्या आणि दाबलेल्या हवेच्या रायफली लागोपाठ हाताळल्या तेव्हा हा फरक कागदावर उघड झाला. स्प्रिंगच्या रायफलीला डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर नुसते टेकवून, बोटे न आवळता, तिला हवी तशी हलू दिले तर छिद्रे जवळजवळ येत. तीच रायफल लाकडी ठोकळ्यावर टेकवली किंवा घट्ट धरली की छिद्रे वर सरकत आणि पांगत. दाबलेल्या हवेच्या रायफलीला पकडीचे असे लाड नव्हते. स्प्रिंगची रायफल शिस्त शिकवते, म्हणून नवशिक्याने तिच्यावरच सुरुवात करावी, असे सांगणारे प्रशिक्षक आहेत; लेखिकेला हे मत पटले नाही, कारण स्वतःची चूक कोणती आणि हत्याराचा हिसका कोणता हे ज्याला अजून ओळखता येत नाही, त्याला ती शिस्त नेमके काय शिकवणार, हा प्रश्न उरतोच. अखेर निवड झाली ती भारतीय बनावटीच्या, दाबलेल्या हवेच्या, एकेक छर्रा हाताने भरण्याच्या साध्या रायफलीची, जिचा दस्ता मागेपुढे करून खांद्याच्या मापाला बसवता येत होता. आयात केलेल्या वाल्थर किंवा आन्शुट्झच्या तुलनेत तिची किंमत पुष्कळच कमी होती, आणि चाप तितका रेशमी नसला तरी त्याच्या दोन टप्प्यांपैकी दुसरा कुठे सुरू होतो हे बोटाला स्पष्ट कळत होते.

रायफलीइतकाच विचार छऱ्यांचा करावा लागला. लक्ष्यासाठीच्या छऱ्याचे डोके सपाट, कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ असतो. हवेच्या दाबाने तो पातळ घेर पसरून नळीच्या पिळात घट्ट बसतो, आणि सपाट डोके कचेरीतल्या पंचप्रमाणे कागदात स्वच्छ गोल भोक पाडते, ज्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. अणकुचीदार छर्रे दिसायला जहाल असले तरी ते कागद फाडतात आणि त्यांचे टोक नेमके मध्यावर घडवणे अवघड असल्याने ते भरकटतात. डब्यावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा डोक्याचा व्यास छापलेला असतो, आणि एका नळीला यांतला कोणता मानवेल हे गणिताने सांगता येत नाही, झाडूनच पाहावे लागते. पाचशे छऱ्यांच्या डब्याची किंमत पन्नास काडतुसांच्या खोक्याशी ताडून पाहिली की ही चाचणी किती स्वस्तात होते तेही लक्षात येते.

चाचणीची रीत अशी होती : रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवरच्या कागदावर एका जातीचे पाच छर्रे झाडायचे, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर मोजायचे आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करायचे, म्हणजे छिद्रांच्या मध्यबिंदूंतील खरे अंतर मिळते. आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, परंतु छऱ्याची कड त्याला टेकली तरी दहा गुण मिळत असल्याने पाच मिलिमीटरच्या वर्तुळात मध्यबिंदू पडले की पुरे. टेकूवरून रायफल त्याच्या निम्म्यात छिद्रे पाडत असेल तर उभ्याने सुटलेल्या गुणांचा दोष हत्याराला देता येत नाही. लेखिकेच्या नळीला सर्वांत महागडे जर्मन छर्रे रुचले नाहीत, मधल्या किमतीचे रुचले. स्वस्त छर्रे मात्र काचेच्या तावदानावर घरंगळवून पाहिल्यावर बाद करावे लागले : निर्दोष छर्रा संथ, सारखी गिरकी घेतो, तर घेर चेपलेला छर्रा अडखळत उड्या मारतो, आणि तसे छर्रे त्या डब्यात मूठमूठभर निघाले. मानवलेली जात सापडल्यावर एकाच तुकडीक्रमांकाचे डबे जास्तीचे घेऊन ठेवणे हिताचे ठरते, कारण साचा बदलला की त्याच नावाचा पुढचा डबा निराळा वागू शकतो.

छर्रे शिशाचे असल्याने त्यांना हात लावल्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत. परवान्याची अट नसली तरी साडेसात जूलचा छर्रा डोळा घालवायला पुरेसा असतो. म्हणून घरी सराव करताना लक्ष्यामागे तिरक्या पोलादी पत्र्याची पेटी हवी, जिच्यात छर्रा खालच्या बाजूला वळून तिथेच पडून राहील, आणि त्या पेटीमागे दार किंवा खिडकी नसलेली भिंत हवी.