बोटीवर अंथरूण कुठे घालायचे?

रेल्वेत लोअर बर्थ मिळाला की आपण निश्चिंत होतो. रात्रीच्या बोटीचे तसे नसते. डेक, बंक, डॉर्मिटरी, केबिन असे अनेक प्रकार तिथे असतात. शिवाय बोट पुढेमागे डोलते, डावीउजवीकडे कलते आणि वरखालीही होते. त्यामुळे झोपायचे कुठे, हा प्रश्न नुसता पैशाचा राहत नाही. बरोबर म्हातारे माणूस असेल तर मुळीच नाही.

आपल्या बेळगावकरांना बोट काही परकी नव्हे. १८८० च्या दशकात रेल्वे येईपर्यंत बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ला. आंबोलीकडचा घाट उतरून बैलगाड्या कापूस घेऊन तिथे जायच्या आणि मुंबईला निघालेली माणसेही त्याच वाटेने बोट गाठायची. पुढे गाडी आली, मोटारी आल्या, तरी ज्यांचे आजोळ किंवा माहेर कोकणात त्यांची बोट सुटली नाही. माझी आई वेंगुर्ल्याची. लग्न होऊन बेळगावात आली, पण तिच्या गोष्टींतून समुद्र कधी गेला नाही.

‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे वाचून साठी ओलांडलेल्या वाचकांना आजही खारा वारा आठवेल. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. केबिन मोजक्या आणि खिशाला न परवडणाऱ्या. बाकी सगळी जनता लोअर डेक नाहीतर अप्पर डेकवर. शिडी चढताच पुरुषांनी धावत जाऊन सतरंजी पसरायची आणि ट्रंकेने तिचे टोक दाबायचे. मागून बायका, मुले, आंब्याच्या करंड्या. एकदा सतरंजी पडली की ते आपले घर. शेजारच्या सतरंजीवरचे रात्रीपर्यंत नातेवाईक झालेले असत. ही सेवा १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत धावू लागल्यावर बोटीची आठवण काढणारेही कमी झाले.

मग ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. दुपारनंतर मुंबईहून निघायचे आणि सकाळी मुरगावला उतरायचे. २०२० मध्ये ती थांबली, पण त्याआधी एकदा आम्ही तिने आलो. २०१९ च्या फेब्रुवारीत दादरला घरातले लग्न होते. परतताना बोटीने गोव्याला यावे आणि चोर्ला घाटाने बेळगाव गाठावे, अशी टूम आईने काढली. तिचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. ‘परत कधी’ हा शब्द त्या वयात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो.

बोटीत दोन मजली बंकांची डॉर्मिटरी होती, पडदा ओढून झोपायचे पॉड होते आणि खोल्या होत्या. मुलाने हौसेने वरच्या मजल्यावरच्या, समुद्र दिसेल अशा दोन खोल्या पाहून ठेवल्या. आजीला काही कमी पडू नये, एवढाच त्याचा हेतू. आईने मात्र एका वाक्यात निकाल लावला. “बंद खोली माका नको. मी दाराजवळ निजतलंय.”

हा हट्ट नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. आई तेव्हा बारा वर्षांची. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात ती बातमी कुजबुजत सांगितली गेली होती. पुढे आईने बोटीचा प्रवास कितीदा तरी केला, पण निजायची ती डेकवर, मोकळ्या वाऱ्यात, उठले की बाहेर दिसेल अशा जागी. बहात्तर वर्षांनंतरही तिच्या अंगातून ती सवय गेली नव्हती.

दुसरी अडचण सुनेची. ती धारवाडची. घरात ती कन्नड बोलते, आई वेंगुर्ल्याच्या वळणाचे मराठी बोलते आणि मधला पूल आम्ही. लग्नाला अकरा वर्षे झाली तरी दोघींचे बोलणे ‘जेवलात काय’, ‘ऊटा आय्त?’ याच्या फारसे पुढे गेले नव्हते. सुनेला घाटात मोटार लागते, त्यामुळे बोट लागण्याच्या धास्तीने तिने आधीच चौकशी केली होती. झोपाळ्याच्या फळीची टोके जशी जास्त वरखाली होतात, तशी बोटीची नाळ आणि मागची बाजू जास्त हलते. मधला भाग, त्यातही खालचे मजले, सर्वांत स्थिर. उंच मजल्यावर देखावा चांगला, पण तिथे बोट कललेली अधिक जाणवते. ती नवऱ्याला म्हणाली, “अज्जी नडुव मलगलि.” आजींना मध्ये झोपू दे.

आईने विचारले, “काय म्हणता ती?” मी सांगितले. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “बरोबर सांगता. पडावात बायकापोरांका मदीच बसयत.” बंदराला मोठी बोट लागत नसे, तेव्हा माणसांना बोटीपर्यंत नेणारा तो पडाव. धारवाडच्या मुलीने वाचून काढलेले आणि वेंगुर्ल्याच्या मुलीने पडावात बसून शिकलेले एकच निघाले.

शेवटी डॉर्मिटरी ठरली. बोटीच्या मधल्या भागातले, दारापासून जवळचे खालचे दोन बंक आई आणि सून यांना, वरचे नातीला आणि मला. “एवढ्या म्हाताऱ्या बाईला डॉर्मिटरीत?” असे लग्नघरी एक-दोघांनी ऐकवलेच. मुलालाही ते लागले. महागाची खोली घेणे म्हणजे मान राखणे, असे आपण धरून चालतो. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी मान कशात असतो? रात्री कुणाला न उठवता, न धडपडता, चार पावलांवर बाथरूमला जाता येण्यात असतो.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली तेव्हा खालचे दोन्ही बंक रिकामे. घाबरून बाहेर आले, तर दोघी डेकवरच्या बाकावर, एका शालीत. दूर किनाऱ्यावर एक दीपगृह मिचकत होते. आई मराठीत काहीतरी सांगत होती, सून कन्नडमध्ये विचारत होती आणि पूल म्हणून कुणाची गरज दिसत नव्हती. मी तशीच मागे फिरले.

आजही कोचीहून लक्षद्वीपला रात्रीच्या बोटीने जाणारी आपली मंडळी आहेत, कुणी क्रूझवर जातात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. ज्येष्ठांना वरचा बंक देऊ नये. बोट हलताना शिडी उतरणे तरुणांनाही जमत नाही. इंजिनाजवळची आणि अगदी पुढची जागा टाळावी. बोटीतल्या दारांना बऱ्याचदा उंच उंबरठा असतो, तो दिवसाउजेडी दाखवून ठेवावा. बोट लागत असेल तर गोळी आधीच, डॉक्टरांना विचारून घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मळमळले तर खाली वाकून मोबाइल पाहण्यापेक्षा मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. आणि झोपण्यापूर्वी लाइफ जॅकेट कुठे आहे, बाहेरची वाट कोणती, हे घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माणसाने आपल्या पायांनी चालून पाहिलेले असावे.

तिकीट काढण्यापूर्वी एवढेच विचारावे, की रात्री आपल्यातले कोण उठणार आहे. त्या माणसाची जागा आधी ठरवावी. बाकीच्यांची अंथरुणे तिच्याभोवती घालता येतात.